नदी वाट देते, पण नायक मनात का उतरत नाही?

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. तुम्ही सात नद्यांच्या एका राज्याची कल्पनारम्य कादंबरी लिहिताय. नकाशा, चार राजवंश, हजार वर्षांचा इतिहास, जादूचे नियम, सगळं वहीत तयार आहे. नायक नावाड्याचा मुलगा, वय १९. त्याच्या शब्दावर नदी थांबते आणि वाट देते. एका भविष्यवाणीप्रमाणे राज्य वाचवणारा तोच. दीडशे पानं झाली आहेत. वाचलेले सगळे म्हणतात, जग मस्त उभं राहिलंय, पण या मुलाचं काही वाटत नाही. म्हणून तुम्ही विचारताय की त्याला पूर्वायुष्यातलं एखादं मोठं दुःख द्यावं का.

नका देऊ. तुमच्या पानांत दुःखाची कमतरता मला दिसली नाही. मला दिसलं ते असं, की नदी बाजूला होते तेव्हा या मुलाच्या घरात काहीच बदलत नाही. त्याची शक्ती एका वहीत तयार झाली, तो स्वतः दुसऱ्या वहीत, आणि दोन्ही वह्या कधी एकमेकींना भेटल्याच नाहीत. मी बरीच वर्षं अशी हस्तलिखितं लिहितो, वाचतो आणि दुरुस्त करतो, आणि बहुतेक अडलेल्या गोष्टी याच जागी अडलेल्या असतात. उपाय एकच आहे: जादूचा नियम त्या माणसाच्या नेमक्या दुखऱ्या जागेवर बसवायचा. तो तिथे बसला की प्रसंग शोधायला लागत नाहीत, नियमच एकामागून एक प्रसंग पुढे आणत राहतो.

हे शिकायला आपल्याकडे फार लांब जावं लागत नाही. शाप, उःशाप, वर, वचन, वसा ही सगळी अवजारं याच कामासाठी घडलेली आहेत. महाभारताच्या शांतिपर्वात कर्णाची हकिकत येते ती पुन्हा एकदा लेखकाच्या नजरेने वाचा. ब्रह्मास्त्रासाठी तो परशुरामांकडे ब्राह्मण म्हणून राहिलेला असतो. एके दिवशी दमलेले गुरू त्याच्या मांडीवर डोकं ठेवून झोपतात. एक किडा त्याची मांडी पोखरू लागतो. रक्त वाहतं, पण गुरूंची झोप मोडेल म्हणून कर्ण हलत नाही. ते रक्त लागून परशुराम जागे होतात आणि ओळखतात, की इतकी वेदना निमूट सोसणारा ब्राह्मण असणार नाही. खोटं उघडं पडतं आणि शाप मिळतो: ऐन वेळी अस्त्र आठवणार नाही.

इथे कर्णाला पकडून देणारा कुणी हेर नाही, योगायोगाने हाती लागलेलं पत्र नाही. त्याला पकडून देते ती त्याची गुरुभक्ती आणि त्याची सहनशक्ती. तो थोडा कमी चांगला शिष्य असता, हलला असता, तर वाचला असता. आणि शापाचा आकारही बघा. खोटं बोलून जे मिळवलं तेच, सगळ्यात जास्त गरज असेल त्या क्षणी नाहीसं होणार. एवढ्या एका प्रसंगात त्या माणसाचं मोठेपण, त्याचं खोटं आणि त्याचा शेवट एकत्र गुंफलेले आहेत. तुमच्या नायकाच्या शक्तीला इतकी घट्ट गाठ हवी.

वरांचंही तसंच. हिरण्यकशिपूचा वर मला नेहमी त्या माणसाच्या मनाचा नकाशा वाटतो. दिवसा नको, रात्री नको, घरात नको, बाहेर नको, जमिनीवर नको, आकाशात नको, माणसाकडून नको, पशूकडून नको. त्याला जे सुचलं ते सगळं त्याने मागून घेतलं. उंबरठा सुचला नाही. तिन्हीसांज सुचली नाही. आणि आपल्या नाशाला कारण ठरणारा वाद स्वतःच्या पोराशी होईल, हे तर मनातही आलं नाही. आपल्या घरात आपल्याला नाही म्हणणारं कुणी निघू शकतं, हे ज्याच्या कल्पनेतच बसत नाही, त्याची यादी अशीच होणार. तुमच्या खलनायकाला एखादं अभेद्य कवच द्यायचं असेल, तर ते त्याने स्वतः शब्दाशब्दाने मागितलेलं असू द्या. त्यातली फट लेखकाने मागून पाडल्यासारखी वाटणार नाही.

पण या सगळ्यात मला सर्वांत जास्त शिकवलं ते वेताळाने. लहानपणी आपण वेताळपंचविशीच्या गोष्टी पंचवीस सुट्या कोड्यांसारख्या वाचतो. बाहेरची चौकट मात्र क्वचितच नीट पाहतो. अकराव्या शतकात काश्मीरमध्ये सोमदेवाने लिहिलेल्या कथासरित्सागरात ती सविस्तर आहे. एक भिक्षू रोज दरबारात येतो आणि राजाला एक फळ देतो. राजा ते न बघता भांडाऱ्याच्या हाती देतो. हे वर्षानुवर्षं चालतं. एक दिवस एक माकड ते फळ फोडतं आणि आतून रत्न पडतं. मग भांडार उघडून पाहतात तर सडलेल्या फळांमधून रत्नांचा ढीग साठलेला. आता राजा ऋणी झाला. न मागता, नकळत, पण ऋणी. भिक्षू म्हणतो, काळोख्या रात्री स्मशानात ये, शिंशपा वृक्षावर लटकणारं प्रेत मला आणून दे. राजा शब्द देतो.

मग नियम सुरू होतो. वाटेत बोलायचं नाही, बोललास तर प्रेत पुन्हा झाडावर. प्रेतात शिरलेला वेताळ गोष्ट सांगतो, शेवटी न्यायाचा प्रश्न विचारतो, आणि म्हणतो, उत्तर माहीत असूनही गप्प राहिलास तर तुझ्या डोक्याची शकलं होतील. हा नियम दुसऱ्या कुणाला लावून बघा. दरोडेखोराला उत्तरच येणार नाही, तो सुटला. भित्रा पहिल्या फेरीनंतर घरी जाईल. दिलेल्या शब्दाची पर्वा नसलेला उत्तर देईल आणि झाडाकडे वळणारच नाही. हा सापळा जगात एकाच प्रकारच्या माणसाला धरून ठेवतो: ज्याला न्याय कळतो आणि जो शब्द मोडत नाही. न्याय कळतो म्हणून तो बोलतो आणि हातातलं काम जातं. शब्द मोडत नाही म्हणून पुन्हा झाडाखाली जातो. त्याचा एक गुण त्याला हरवतो आणि दुसरा गुण त्याला परत पाठवतो. राजा न्यायी होता, दृढ होता, असं निवेदकाने सांगितलं नसतं तरी चाललं असतं. एवढ्या खेपांनंतर आपल्याला ते हाडात कळलेलं असतं.

सुटका कुठे होते तेही पाहा. शेवटच्या गोष्टीत एक बाप आणि त्याचा मुलगा जंगलात दोन स्त्रियांची पावलं बघतात. मोठी पावलं ज्या बाईची तिच्याशी बापाने लग्न करायचं, लहान पावलांच्या बाईशी मुलाने, असं ठरतं. भेटल्यावर कळतं की मोठी पावलं मुलीची आहेत आणि लहान तिच्या आईची. ठरल्याप्रमाणे लग्नं होतात. आता त्यांच्या मुलांचं एकमेकांशी नातं काय? राजाला उत्तर सापडत नाही. तो गप्प चालत राहतो आणि तेव्हाच वेताळ प्रसन्न होऊन भिक्षूचा कट सांगतो, की तो तुला साष्टांग नमस्कार घालायला लावून तुझाच बळी देणार आहे. तेव्हा म्हण, मी राजा, मला नमस्कार घालता येत नाही, आधी तू करून दाखव. म्हणजे जिथे राजाचं ज्ञान संपलं तिथे त्याची वाट मोकळी झाली. आतापर्यंत दर वेळी जी गोष्ट त्याला अडवत होती ती या वेळी त्याच्याजवळ नव्हती. इतकी नेटकी बांधणी आजही फार कमी कादंबऱ्यांत दिसते.

आता तुमच्या मुलाकडे येऊ. त्याचं नाव मी इथे घेत नाही, नावाड्याचा मुलगाच म्हणतो. कारण तुम्ही तो नावाड्याचा मुलगा आहे एवढं दुसऱ्या पानावर सांगून विसरून गेलात, आणि माझ्या मते तुमच्या सगळ्या कादंबरीतली सर्वांत मोलाची ओळ तीच आहे.

नदी वाट देते तेव्हा होडीची गरज कुणाला उरते? बापाच्या तीन पिढ्या त्या धक्क्यावर उतारू पलीकडे नेतात. गाव त्याला पैसे देत नाही, सुगीला धान्य देतं. ज्या दिवशी मुलाच्या शब्दावर पात्र कोरडं पडतं आणि बाजाराला निघालेली माणसं, गुरं, गाड्या चालत पलीकडे जातात, त्या दिवशी होडी चिखलात टेकलेली असते आणि बाप तिच्यात उभा असतो. सगळे मुलाचा जयजयकार करताहेत. बापाला कुणी वाईट बोललेलं नाही. पण येत्या सुगीला त्याच्या वाट्याचं धान्य कोण देणार? तुम्ही हा प्रसंग चौदा ओळींत उरकलाय आणि त्यात बाप नाहीच. मी असतो तर त्याला पूर्ण प्रकरण दिलं असतं.

याला आणखी एक पदर जोडा. या मुलाला आयुष्यात काय हवं होतं? तुमच्या पानांत त्याला राज्य वाचवायचंय. एकोणीस वर्षांच्या पोराला राज्य वाचवायचं नसतं. त्याला पुराच्या दिवसांत बापाने वल्हं हातात द्यावं एवढंच हवं असेल. बाप देत नाही, कारण पोरगा उतावळा आहे आणि पाण्यात उतावळेपणा चालत नाही. आता त्या पोराला अशी शक्ती मिळाली की वल्ह्याचंच काम संपलं. जे हवं होतं ते आता कधीच मिळणार नाही, आणि ते त्याने स्वतःच्या तोंडाने संपवलं. यापुढे तो राजधानीत गेला, सेनापती झाला, काहीही झाला, तरी वाचक त्याच्याबरोबर जाईल. कारण प्रत्येक वेळी तो पाण्याला हाक मारेल तेव्हा वाचकाला ती चिखलातली होडी आठवेल. तुम्हाला आठवण करून द्यायचीही गरज नाही.

शक्तीची किंमत हा शब्द कल्पनारम्य लेखनात फार फिरतो, आणि बहुतेक जण ती शरीरात वसूल करतात. जादू केली की नाकातून रक्त येतं, नायक बेशुद्ध पडतो, आयुष्याचं एक वर्ष कमी होतं. हे मला आळशी वाटतं. बेशुद्ध पडलेला माणूस पुढच्या पानावर उठतो आणि सगळं पूर्ववत होतं. किंमत नात्यात आणि पोटापाण्यात वसूल केली की ती परत मिळत नाही.

जगाच्या बाजूनेही तोच नियम चालवा. नदी थांबली की वरच्या अंगाला पाणी चढणार. कुणाचं तरी शेत बुडणार. खालच्या गावाची पाण्याची पाळी हुकणार. तुमच्या वहीत राजवंशांची यादी आहे पण पाणी वाटून घेण्याची रीत नाही, आणि सात नद्यांच्या राज्यात ती नसेल असं होऊच शकत नाही. धुळे-नाशिककडे पांझरा, मोसम या नद्यांवर फड पद्धत शेकडो वर्षं चालत आली. नदीवर बंधारा, त्यातून निघालेला पाट, पाटाखालची जमीन फडांत वाटलेली. एका फडात सगळ्यांनी एकच पीक घ्यायचं. पाणी सोडायला पाटकरी नेमलेला. पाणी कमी असेल त्या साली कोणते फड भिजवायचे आणि कोणते कोरडे ठेवायचे, हे सगळ्यांनी मिळून ठरवायचं आणि ठरलं की पाळायचं. अशा व्यवस्थेत तुमचा मुलगा येऊन उभा राहिला तर काय होईल?

तुमचा खलनायक मला तिथे दिसतो. सध्याचा तुमचा काळ्या किल्ल्यातला सम्राट बाजूला ठेवा. तीस वर्षं इमानाने पाळीपाळीने पाणी सोडणारा, स्वतःच्या भावाचं शेतसुद्धा पाळीआधी न भिजवणारा एखादा पाटकरी घ्या. त्याच्यासमोर एक पोरगा येतो ज्याच्यासाठी नदी सगळे करार मोडते. लोक पाळीसाठी थांबायचं सोडून त्या पोराच्या दारात रांग लावतात. पाटकऱ्याचा विरोध रास्त आहे. तो शंभर टक्के बरोबर बोलतोय, असं वाचकाला वाटलं पाहिजे. मग पुढे तो त्या रास्तपणापोटी काहीतरी भयंकर करेल, बंधारा फोडेल, पोराच्या बापाला हाताशी धरेल. बाप त्याचं ऐकेल याचीच शक्यता जास्त, हे लक्षात येतंय का? बघा, आता कथानक तुम्हाला रचावं लागत नाहीये.

कथानकाची गोष्ट निघाली म्हणून पैठणची एक दंतकथा सांगतो. वर ज्या कथासरित्सागराचा उल्लेख केला त्याचं मूळ गुणाढ्याच्या बृहत्कथेत, आणि गुणाढ्य हा प्रतिष्ठानच्या, म्हणजे आपल्या पैठणच्या, सातवाहन राजाच्या पदरी होता अशी कथा आहे. राजा जलक्रीडेत राणीचं साधं संस्कृत वाक्य समजून घ्यायला चुकतो आणि राणीपुढे त्याची फजिती होते. त्याला लाज वाटते, म्हणून तो व्याकरण शिकायचं ठरवतो. गुणाढ्य म्हणतो ६ वर्षं लागतील, दरबारातला दुसरा पंडित शर्ववर्मा म्हणतो ६ महिन्यांत शिकवतो. गुणाढ्य चिडून पैज लावतो, की तसं झालं तर संस्कृत, प्राकृत आणि देशी भाषा मी कायमच्या सोडेन. तो हरतो, म्हणून त्याला पैशाची नावाच्या, पिशाचांच्या समजल्या जाणाऱ्या भाषेत लिहावं लागतं. ७ लाख श्लोक, स्वतःच्या रक्ताने. पिशाचांची भाषा म्हणून राजा ते नाकारतो. गुणाढ्य रानात बसून एकेक पान पशुपक्ष्यांना वाचून दाखवतो आणि आगीत टाकतो. प्राणी चरायचं सोडून ऐकत बसतात, म्हणून वाळतात. म्हणून राजाच्या ताटातलं मांस कोरडं लागतं. म्हणून चौकशी होते आणि राजा धावत येतो, तोवर ६ लाख श्लोक जळून गेलेले असतात.

यात रक्ताने लिहिलेला ग्रंथ आहे, रडत ऐकणारी जनावरं आहेत, आणि तरीही एकही दुवा हवेत नाही. लाज, चीड, हेका, तुच्छता, चव. माणसांच्या या साध्या साध्या गोष्टींनी एवढं मोठं अद्भुत पुढे ढकललं जातं. तुमच्या प्रकरणांची यादी घ्या आणि दोन प्रकरणांच्या मध्ये 'म्हणून' बसतं का ते तपासा. सहा ते अकरा या प्रकरणांत मला सगळीकडे 'आणि मग' दिसलं. तिथे प्रवास आहे, नवी शहरं आहेत, नवे प्राणी आहेत, पण नायकाने काही केलं म्हणून पुढचं घडलं असं एकदाही होत नाही.

भविष्यवाणीबद्दल. ती काढून टाका असं मी म्हणणार नाही, पण ती सध्या नायकाला फुकटची पदवी देतेय. आकाशवाणी कंसाला कधी ऐकू येते ते आठवा. नुकतंच देवकीचं लग्न झालंय आणि बहिणीच्या प्रेमापोटी तिचा रथ तो स्वतः हाकतोय. लगाम हातात असतानाच शब्द कानावर पडतात. एका क्षणात भाऊ तिच्या केसांना धरून तलवार उपसतो. पुढे भागवतात याहून बारीक जागा आहे. वसुदेव दिलेल्या शब्दाप्रमाणे पहिलं मूल घेऊन येतो, आणि कंस ते परत देतो. भीती आठव्याची आहे, याची नाही, घेऊन जा म्हणतो. नंतर नारद येऊन गेल्यावर तो बदलतो. ते मूल परत देणारा कंस ज्याने लक्षात ठेवला त्याला पुढचा कंस जास्त भयानक वाटतो. भविष्यवाणीचा उपयोग असा करायचा: ती ऐकून माणूस काय करतो ते दाखवायला. तुमच्या गोष्टीत ती मुलाऐवजी पाटकऱ्याने ऐकली तर? किंवा बापाला ती पोराच्या जन्मापासून माहीत असली, आणि वल्हं न देण्याचं खरं कारण तेच असलं तर?

आता अद्भुताच्या वर्णनांकडे. भरताच्या नाट्यशास्त्रात अद्भुत रसाचा स्थायी भाव, म्हणजे मुळाशी असलेली भावना, विस्मय सांगितला आहे. विस्मय बघणाऱ्याच्या ठायी असतो. अनुभाव, म्हणजे ती भावना बाहेर दाखवणाऱ्या खुणा काय, तर डोळे विस्फारणं, पापणी न लवणं, अंगावर काटा, अश्रू, घाम. तुमच्या पानांत विभाव, म्हणजे विस्मय जागवणाऱ्या गोष्टी, भरपूर आहेत: उडता महाल, बोलणारा मासा, स्फटिकाचा पूल. पण ते बघणारा कोण, आणि त्याला काय होतं, हे जवळजवळ नाहीच. स्फटिकाच्या पुलाचं वर्णन अर्धं पान आहे आणि ते कुणीही केलं असतं असं आहे. नावाड्याचा मुलगा पूल बघताना आधी खाली बघेल. पाण्याचा वेग किती, भोवरा कुठे, खांब कशावर टेकलाय. मग त्याच्या लक्षात येईल की इथे एकही होडी नाही. त्या एका निरीक्षणात पूलही दिसतो आणि पोरगाही. त्याच पुलावर रोज झाडू मारणाऱ्या बाईला विस्मय वाटणार नाही. तिला तो निसरडा आहे म्हणून त्याचा राग असेल. दोघांना एकमेकांशी दोन वाक्यं बोलू द्या आणि तुमचा पूल खरा होईल.

नकाशाबद्दल फार बोलत नाही. तो तुमच्यासाठी ठेवा. वाचकाला एखादी वस्तू द्या. जुन्नरहून कोकणात उतरणाऱ्या नाणेघाटाच्या तोंडाशी एक मोठा दगडी रांजण आहे. घाटाने जाणाऱ्या व्यापाऱ्यांची जकात त्यात टाकत, असं परंपरेने सांगतात. जवळच्या लेण्यात सातवाहन राणी नागनिकेचा लेख आहे, त्यात यज्ञांची आणि दिलेल्या दानांची यादी आहे. रांजण आणि यादी शेजारी शेजारी उभी केली की व्यापार, सत्ता, धर्म आणि पैसा कुठून कुठे जातो हे एका परिच्छेदात कळतं. तुमच्या चार राजवंशांसाठी असे चार दगड शोधा, बाकी वहीत राहू द्या.

संवादांवर मात्र थोडं थांबायला हवं, कारण मराठीत लिहिणाऱ्याजवळ एक हत्यार आहे आणि तुम्ही ते वापरतच नाही. तुमची सगळी पात्रं 'हे वत्सा', 'विलंब नको' अशा एकाच पोथीतल्या भाषेत बोलतात. प्राचीन वाटावं म्हणून तुम्ही ते केलंत, पण त्याने सगळे एकाच उंचीचे, एकाच वयाचे झाले. आपल्याकडे तू, तुम्ही आणि आपण यांच्यात अख्खं जग मावतं. पहिल्या प्रकरणात गावचा पाटील या पोराला 'काय रे' म्हणतो. नदी सरकल्यावर तोच पाटील 'आपण' म्हणतो. हे कुणालाही सुचेल. त्याहून आत जा. त्या रात्री आई ताट वाढते. रोज ती 'जेवून घे' म्हणते. आज तिच्या तोंडून 'जेवून घ्या' निघतं, आणि ते तिचं तिलाही कळत नाही. पोराने ते ऐकलंय. काही स्पष्टीकरण लिहू नका. आई आणि मुलाच्या मध्ये देवपण येऊन बसलं हे मराठी वाचकाला एका क्रियापदात समजतं, आणि हे करायला तुम्हाला कुठलाही स्फटिकाचा पूल लागत नाही. पाटकरी मात्र शेवटपर्यंत त्याला 'तू'च म्हणेल. म्हणूनच कदाचित पुढे कधीतरी पोराला त्याच्याशीच बोलावंसं वाटेल.

दरबारची भाषा वेगळी ठेवायची असेल तर ती कागदपत्रांत ठेवा. फर्मान, पत्रं, हिशेबाच्या नोंदी यांत बखरीचा बाज शोभून दिसतो. धक्क्यावरची माणसं धक्क्यावरच्या मराठीत बोलू देत. बोलीची मात्र भेसळ करू नका. अर्धं वाक्य अहिराणीच्या वळणाचं आणि अर्धं मालवणी असं झालं की काल्पनिक गावसुद्धा खोटं पडतं. एक बोली निवडा, जी तुमच्या कानात लहानपणापासून आहे ती.

दुय्यम पात्रांचं लवकर सांगतो. तुमच्याकडे नायकाचे सहा सोबती आहेत. त्यांतला गमत्या, शूर मुलगी आणि म्हातारा गुरू हे तिघे मला आठवतात, बाकीच्यांची नावंही आठवत नाहीत. प्रत्येकाला नायकाच्या शक्तीकडून काहीतरी वेगळं हवं असू द्या. शूर मुलीचं गाव वरच्या अंगाला असेल, जिथे नदी थांबली की पाणी चढतं, तर ती सोबतीण म्हणून कशी राहील? ज्यांना या शक्तीपासून काहीच नफातोटा नाही त्यांना काढून टाका, कितीही लाडके असले तरी.

शेवटी कामाचं. दीडशे पानं फाडू नका आणि त्यांत लगेच दुरुस्त्याही करत बसू नका. ती बाजूला ठेवा. नवीन कोऱ्या पानावर फक्त तो एक दिवस लिहा: पहाटे बाप धक्क्यावर जातो तिथपासून रात्री आई ताट वाढते तिथपर्यंत. नदी दुपारी सरकेल. जगाची माहिती देणारं एकही वाक्य लिहू नका, राजवंशांची नावं येऊ देऊ नका, लागलंच तर पाण्याच्या पाळीवरून झालेलं एखादं भांडण येऊ द्या. साधारण बारा-पंधरा पानं होतील. मग जुनी पानं काढा आणि या दिवसानंतर त्यांतलं काय काय अजून घडू शकतं ते बघा. माझा अंदाज, राजधानीचा प्रवास टिकेल पण जाण्याचं कारण बदलेल, बोलणारा मासा जाईल, आणि सम्राटाच्या वाट्याची बरीचशी पानं पाटकऱ्याकडे जातील. पोराने नदीला दुसऱ्यांदा हाक मारायची की नाही, हा प्रश्न तुम्हाला स्वतःला अवघड वाटू लागला, की तिथून पुढचं प्रकरण लिहायला घ्या.